आजोबांच्या चावीच्या हॉर्नबी इंजिनाची चाकं कशी बदलायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा १९३६ च्या सुमारास विलायतेत शिकायला होते, येताना त्यांनी चावीचं हॉर्नबी इंजिन आणलं होतं, ते आता माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलंय. मरून रंग, बाजूला एलएमएस (तिथल्या एका रेल्वे कंपनीचं नाव), पुढं चार छोटी चाकं, मध्ये चार मोठी, मागं दोन. चावी बसते, स्प्रिंग शाबूत आहे, पण रुळावर ठेवलं की लंगडतं आणि मोठ्या चाकांचे कपचे पडायला लागलेत. तर ही झिजलेली चाकं नवी मिळतील का आणि घरी बसवता येतील का?

दोन्ही होईल. पण फोटो बघून सांगतो, तुमची चाकं झिजलेली नाहीयेत, कुजलीयत. हा फरक नीट समजून घ्या कारण पुढची सगळी मापं त्यावर आहेत, आणि मी स्वतः इथंच एकदा चांगला तोंडावर आपटलोय, ते सांगतो पुढं.

तुमचं इंजिन वर्णनावरून नंबर २ स्पेशल टँक दिसतंय, ४-४-२ चाकांचं. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनोचा कारखाना होता, तेच मेकॅनो ज्याच्या पट्ट्या आणि नटबोल्ट आपल्यातल्या कित्येकांनी लहानपणी हाताळलेत, त्यांनी १९२० पासून हॉर्नबी ट्रेन काढल्या आणि हे मॉडेल १९२९ मध्ये आलं. बॉडी पत्र्याची, पण चाकं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात दाबानं ओतलेली. इंग्लंडात त्याला मॅझॅक म्हणतात. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं, किंचित मॅग्नेशियम. धातू उत्तम आहे, फक्त जस्त अगदी शुद्ध पाहिजे. शिसं, कथील किंवा कॅडमियम अगदी चिमूटभर जरी शिरलं तरी ते धातूच्या कणांच्या मधल्या सीमेवर जाऊन बसतं, आणि हवेतली ओल आणि उष्णता मिळाली की तिथून आतल्या आत गंज सुरू. आजच्या स्टँडर्डमध्ये शिशाची मर्यादा ०.००५ टक्के आहे, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम. तेव्हाच्या ओतशाळेत खालचे तुकडे, भंगार, कुठल्यातरी शिशाच्या कामाची उरलेली पळी असं काहीही भांड्यात जात असणार, त्यामुळे एकाच इंजिनाची दोन चाकं ठणठणीत आणि दोन बिस्किटासारखी असंही दिसतं.

ओळखायचं कसं, तर दहापट भिंग घ्या आणि आऱ्यांच्या मुळाशी बघा. उन्हाळ्यात तळं आटल्यावर गाळाला भेगा पडतात तसं जाळं दिसलं की कूज. कडेला पांढरी भुकटी असते. चाक बोटांवर टांगून पेन्सिलीनं टिचकी मारा, चांगलं चाक किण्ण वाजतं, कुजलेलं मडक्यासारखं बद्द. खरी झीज वेगळी दिसते, तिथं धातू गुळगुळीत आणि चकचकीत असतो, रुळावर टेकतो त्या पट्ट्यात वाटोळी खाच पडलेली असते आणि फ्लँज (चाकाची आतल्या बाजूची उंच कड) पातळ होऊन कडेला ब्लेडसारखी धार येते. विजेच्या इंजिनात याशिवाय ठिणग्यांनी बारीक खड्डे पडतात, त्यातली निम्मी 'झीज' तर नुसती काजळी असते, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली की जाते. चावीच्या इंजिनाची चाकं झिजायला कुणीतरी रोज तासन्‌तास खेळायला पाहिजे, आणि तुमचं तर पन्नास वर्षं ट्रंकेत झोपलं होतं.

कुजीवर औषध नाही. सुपरग्लू पाजून, इपॉक्सी भरून, वरून रंग मारून चार महिने लांबवता येतं, आत गंज चालूच. एक मात्र, हा रोग संसर्गजन्य नाही. बरेच संग्राहक कुजलेलं इंजिन वाळीत टाकल्यासारखं वेगळ्या कपाटात ठेवतात, काही गरज नाही, ज्या तुकड्यात मुळात शिसं नाही त्याला काही होत नाही.

आता माझी फजिती. पुण्यात टूलरूममध्ये पंचवीसेक वर्षं काढल्यावर मला वाटायचं की चाक म्हणजे काय, माप घ्यायचं आणि टर्न करायचं, म्हणजे लेथवर कातायचं. पहिलं असंच एक इंजिन आलं, त्याच्या चार चाकांपैकी सगळ्यात धड दिसत होतं त्याला व्हर्निअर लावला, चार ठिकाणी मोजून सरासरी काढली आणि चार सुंदर चाकं केली. बसवली तर फ्लँज वर बॉडीच्या पत्र्याला घासतेय, आणि पाठीमागून चाक फ्रेमला टेकतंय. दोन दिवस मी फ्रेम वाकलीय म्हणून फ्रेम तपासत होतो. मग डोक्यात प्रकाश पडला की कुजलेलं चाक फुगतं! गंजाला जागा जास्त लागते, त्यामुळे तुकडे पडायच्या आधी व्यास वाढतो, जाडी वाढते, क्रँक पिनचं (चाकांना जोडणारा दांडा जिच्यावर बसतो त्या खुंटीचं) भोक मध्यापासून लांब सरकतं. मी फुगलेल्या चाकाची हुबेहूब नक्कल केली होती.

म्हणून कुजलेल्या चाकाचं माप घ्यायचं नाही, त्याच्याकडून फक्त आऱ्या किती, बॉस (भोकाभोवतीचा मधला जाड भाग) कसा, बॅलन्स वेट (तोल सांभाळणारा जाड तुकडा) कुठं एवढं चित्र घ्यायचं. मापं बाकीच्या निरोगी गोष्टींकडून काढायची. ॲक्सल स्टीलची आहे, ती खोटं बोलत नाही. कपलिंग रॉड, म्हणजे मोठ्या चाकांना बाहेरून जोडणारा दांडा, स्टीलचा, त्याच्या दोन भोकांमधलं अंतर म्हणजेच दोन ॲक्सलमधलं अंतर. पुढच्या बोगीची चाकं (ती चार छोटी) चांगली असतील तर इंजिन सपाट काचेवर ठेवून, बफर रुळापासून किती उंच पाहिजेत ते डब्याच्या बफरशी जुळवून मोठ्या चाकाचा व्यास निघतो. सगळ्यात सोपं म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या इंजिनाचं चांगलं चाक कुणाकडून मोजून मागवणं. इंग्लंडात हॉर्नबी रेल्वे कलेक्टर्स असोसिएशन १९६९ पासून आहे, तिथली म्हातारी मंडळी अशा कामाला हौसेनं मदत करतात, फक्त त्यांना नीट सांगा की मोजायचंय ते चाक भिंगाखाली बघून घ्या, नाहीतर त्यांचंही फुगलेलंच निघायचं.

खोलायच्या आधी स्प्रिंग पूर्ण उतरवा. पूर्ण म्हणजे ब्रेक सोडून, चाकं हातात धरून हळूहळू फिरू देत, अगदी शेवटचा टिक येईपर्यंत. अर्धी चावी दिलेल्या मेकॅनिझमची फ्रेम सोडली तर आतली पट्टी सापासारखी बाहेर येते, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. आणि खोलायच्या आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कुठल्या बाजूची क्रँक पुढे आहे, कुठला वॉशर कुठं, दातांचं चाक ॲक्सलवर आहे की मोठ्या चाकाच्या पाठीला, सगळं. दातांचं चाक पाठीला असेल तर कुजलेलं चाक काढताना ते जपून वाचवायचंय, ते नवीन मिळवणं सगळ्यात अवघड.

कुजलेलं चाक पुलरनं ओढू नका. पुलरचे पंजे आऱ्यांवर जोर देतात, आऱ्या तुटतात आणि बॉस ॲक्सलवर तसाच अडकून राहतो. त्यापेक्षा कटिंग पकडीनं बॉस दोन्हीकडून दाबा, तो आपोआप चिरतो. हातोडी नाही, ॲक्सल वाकली तर सगळं मुसळ केरात. तुकडे पुडीत घालून चिठ्ठी लावून ठेवा, उद्या कुणी विचारलं मूळ चाकं कुठं गेली तर दाखवायला. आणि हात धुवा, त्या भुकटीत शिसं असू शकतं, जुन्या रंगातही असतं, त्यामुळे पॉलिश पेपर मारून धूळ उडवायचा उद्योग नको.

चाकं काढलीत तशी एक गोष्ट बघून घ्या जी सगळे विसरतात. ॲक्सल फ्रेमच्या भोकात घालून वरखाली हलवा. खरी झीज इथं असते, पत्र्याच्या फ्रेममधली भोकं लंबगोल झालेली असतात, चावीच्या इंजिनात स्प्रिंगचा जोर एकाच बाजूला खेचतो ना. अशा फ्रेमला कितीही चांगली चाकं लावा, लंगडणार ते लंगडणारच. उपाय म्हणजे भोक रीम करून (रीमरनं साफ गोल करून) पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवायची, आणि दोन बुशमधलं अंतर कपलिंग रॉडवरून घ्यायचं, फूटपट्टीवरून नाही.

आता चाकं आणायची कुठून. सोपा रस्ता म्हणजे इंग्लंडमधून तयार चाकं मागवणं, छोटे छोटे पुरवठादार या जुन्या हॉर्नबीसाठी नव्या धातूत चाकं ओततात. मागवताना विचारा की रफ कास्टिंग आहे की टर्न केलेलं, बोअर किती, क्रँक पिनला आटे पाडलेत का. रफ कास्टिंग स्वस्त दिसतं म्हणून लोक घेतात आणि मग लेथवाला शोधत फिरतात.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, पितळेत ओतून घेणं. आपल्याकडे त्याची सोय उलट चांगली आहे, झवेरी बाजारात किंवा इमिटेशन दागिन्यांचं काम चालतं तिथं मेणावरून कास्टिंग करणारे कारागीर असतात, त्यांच्यासाठी तीसचाळीस मिलिमीटरचं आऱ्यांचं चाक म्हणजे मोठं पेंडंट. कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर चाक काढून घ्या, मेणाच्या थ्रीडी प्रिंटवर पॅटर्न काढा, आकसण्यासाठी दोन टक्क्यांच्या आसपास मोठं ठेवा (नेमका आकडा तुमच्या कास्टिंगवाल्याला विचारा, त्याला त्याच्या भट्टीचं माहीत असतं) आणि टर्न करायच्या जागी अर्धा मिलिमीटर जास्त माल सोडा. एक चाक आधी ओतून मोजा, मग बाकीची. मी कोल्हापुरात एकदा बिडाचीही ओतून घेतली होती, वजनदार आणि रुळाला चिकटून चालतात, पण इतक्या बारीक आऱ्या बिडात भरत नाहीत, चारातली दोन फुकट गेली.

लेथवर क्रम महत्त्वाचा. चाक बाहेरून धरून आधी मधलं भोक पाडायचं, ड्रिल थोडं लहान आणि शेवटी रीमर, थेट ड्रिलनं माप गाठायला जाऊ नका, ड्रिल कधीच गोल भोक पाडत नाही. मग छोट्या मँड्रेलवर (भोकात बसणाऱ्या दांडीवर) त्या भोकावरूनच चाक धरून टेकायची बाजू, फ्लँज आणि पाठ एकाच सेटिंगमध्ये. भोक एका सेटिंगला आणि कड दुसऱ्या सेटिंगला केली की चाक लचकतं, आणि खेळण्यातल्या इंजिनात पाव मिलिमीटरचं लचकणंसुद्धा डोळ्याला दिसतं. टेकायची बाजू बाहेरच्या अंगाला किंचित उतरती ठेवा, तीन अंश पुरे, आणि फ्लँज जिथं सुरू होते तिथं काटकोन नको, छोटी गोलाई पाहिजे, नाहीतर वळणावर फ्लँज रुळावर चढते. फ्लँज मात्र बारीक करायचा मोह आवरा. आजकालची स्केल मॉडेलवाली मंडळी नाजूक फ्लँज करतात, पण हॉर्नबीचा पत्र्याचा रूळ वरून गोल असतो आणि सांधे ओबडधोबड, तिथं जुनी दांडगी फ्लँजच लागते.

पुण्यात कर्वे रोडजवळचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलेले लोक मला विचारतात की तिथली चाकं चालतील का. नाही चालणार, ते काम १:८७ चं आहे, रूळ १६.५ मिलिमीटर, तुमचा ओ गेज म्हणजे ३२ मिलिमीटर. तिथं जाच मात्र, मुलांना घेऊन जा, ते वेगळ्या कारणासाठी.

आता बसवणं. दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर जुन्या ढंगाच्या ओ गेजला साधारण २८ मिलिमीटर धरतात, नव्या फाइन स्केलला २९. तुमच्या इंजिनाला २८ च्या आसपास ठेवा आणि आपल्याकडच्या पॉइंटमधून (रूळ दोन दिशांना फुटतो तिथून) ढकलून बघा, २९ ठेवलंत तर चाक पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकावर आदळेल. अर्ध्या तक्रारी इथल्याच असतात.

दाबून बसवायचं असेल तर चार मिलिमीटरच्या ॲक्सलला भोक दोन ते तीन शतांश मिलिमीटर लहान पाहिजे, आणि दाबताना व्हाइस किंवा ड्रिल मशीनचा दाब, सरळ, एका झटक्यात. पण दाबाच्या चाकाचा कोन नंतर सुधारता येत नाही, म्हणून घरी करणाऱ्याला मी सांगतो की ॲक्सल हातानं सरकेल इतकं भोक ठेवा, अगदी अर्धा दशांश मिलिमीटर जास्त, आणि लॉक्टाइट ६३८ लावा, ते हिरवं रिटेनिंग कंपाउंड. थेंबभर, चाकाच्या भोकाला, ॲक्सलला नाही, नाहीतर चाक सरकवताना सगळं आत फ्रेमच्या भोकाकडे ढकललं जातं आणि सकाळी ॲक्सल फ्रेमसकट जाम. (हेही केलंय मी.) तेल असेल तर धरत नाही, आधी ॲसिटोननं पुसा, पण ॲसिटोन रंगाच्या आसपास नको. एक दिवस हात लावू नका.

कोन म्हणजे क्वार्टरिंग. एका बाजूची क्रँक वर असेल तेव्हा दुसऱ्या बाजूची ९० अंश पुढे किंवा मागे. सगळे या नव्वदीच्या मागे लागतात, अँगल प्रोट्रॅक्टर काय, कॉम्प्युटर प्रिंट काय. खरं सांगायचं तर नव्वदच्या ऐवजी अठ्ठ्याऐंशी झाले तरी इंजिन लोण्यासारखं चालेल, अट एकच, दोन्ही ॲक्सलवर तेच अठ्ठ्याऐंशी पाहिजेत. म्हणून मोजू नका, जिग करा. ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीत व्ही खाच, त्यात ॲक्सल, आणि क्रँक पिन टेकायला दोन खुंट्या, एक उभ्या दिशेला एक आडव्या. दोन्ही ॲक्सल आळीपाळीनं त्याच जिगमध्ये, त्याच तोंडानं. जिग चुकीची असली तरी चूक दोन्हीकडे सारखी, आणि आपलं काम होतं.

क्रँक पिनचे स्क्रू जपा. ते ब्रिटिश बीए (ब्रिटिश असोसिएशन या जुन्या मापाच्या) आट्यांचे असतात, आटीचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, आपल्या मेट्रिकचा साठ. मिळतेजुळते दिसतात म्हणून मेट्रिक टॅप मारला की जुना स्क्रू दीड फेरा जातो आणि आवळला की नव्या पितळी चाकाचा आटा खलास. बीए टॅप जुन्या बाजारात अजून मिळतात, पूर्वी इलेक्ट्रिकच्या पितळी सामानात आणि मीटरमध्ये तेच आटे असायचे, मला सहाचा आणि आठाचा असे दोन पुण्याच्या जुन्या बाजारात रद्दीच्या भावात मिळाले. आपला जुना स्क्रू खिशात घेऊन जा आणि जुळवूनच घ्या.

सगळं जोडल्यावर लगेच चावी देऊ नका. आधी रॉड न लावता प्रत्येक ॲक्सल बोटानं फिरवा. मग एका बाजूचा रॉड. मग दुसरा. दुसरा लावल्यावर अडकत असेल तर एकतर कोन चुकलाय, नाहीतर बुशचं अंतर. इथं बहुतेक जण काय करतात, तर रॉडचं भोक कानशीनं मोठं करतात, आणि इंजिन चालतंही, खडखड करत. एक दशांश मिलिमीटरची सैल चालते, ती मूळ हॉर्नबीतही होतीच. त्यापेक्षा जास्त करायची वेळ आली तर चाक तापवून काढा आणि परत लावा, सोल्डरिंग आयर्न बॉसवर धरलं की लॉक्टाइट सुटतं, त्याला दोनशेच्या वर तापमान लागतं म्हणून रंग देण्याआधीच हे सगळं उरका.

रंगाचं फार सांगत नाही, पितळेला आधी एच प्रायमर (etch, धातूला पकड धरणारा), नाहीतर मरून रंग सालपटासारखा निघतो, टेकायची बाजू रंगवायची नाही, बस. तेल शिलाई मशीनचं, ॲक्सलला एकेक थेंब, स्प्रिंगला ग्रॅफाइट ग्रीस. आमच्याकडे एक गृहस्थ खोबरेल घालून घेऊन आले होते, डिसेंबरात, मेकॅनिझम अक्षरशः साबणासारखं गोठलेलं.

आणि रूळ कुठले आहेत तुमच्याकडे ते बघा. हॉर्नबीची वळणं एक फुटी आणि दोन फुटी त्रिज्येची यायची, नंबर २ च्या इंजिनांना दोन फुटीच लागतं. एक फुटीवर ते घसरतंच, आणि मग माणूस नव्या चाकांना शिव्या देतो. ट्रंकेत रूळ असतील तर एक तुकडा जमिनीवर ठेवून खडूनं गोल पुढं काढा, लगेच कळतं.

एक सावधगिरीचं, तुमच्या ट्रंकेत विजेचंही काही निघालं तर. १९२५ चं हॉर्नबीचं मेट्रोपॉलिटन इंजिन घरातल्या मेन्सवरून बल्ब मध्ये घालून चालवायचं होतं, असलं काही दिसलं तर प्लगमध्ये घालू नका, कपाटात शोभेला ठेवा.

काम झाल्यावर परत माळ्यावर नको, तिथं उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल, कुजीला दोन्ही आवडतं, आणि बोगीची जुनी चाकं अजून मॅझॅकचीच आहेत. खालच्या खोलीत, काचेच्या कपाटात, सिलिका जेलची पुडी, दर पावसाळ्याआधी ती पुडी तव्यावर हलकी गरम करून परत ठेवायची. बोगीच्या चाकांना भिंग लावून तेव्हाच बघून घ्या, जाळं दिसायला लागलं तर फुगायच्या आधीच माप लिहून ठेवा.

सुरुवात स्प्रिंग उतरवून फोटो काढण्यापासून करा आणि फ्रेमच्या भोकांचे फोटो पाठवा, ती लंबगोल असतील तर बुशचं माप मी सांगतो.